मागे कोण उभं राहणार?

कॉर्मॅक डेवलिन जन्मभर दुसऱ्यांच्या मयताला गेला आणि त्याच्या मयताला अख्खा जिल्हा आला. लाफर्टीच्या अंत्यविधीगृहाच्या पायऱ्यांवरून उतरलेली रांग काळ्या पडलेल्या बर्फाच्या कडेकडेने पार अग्निशमन दलाच्या शेडपर्यंत गेली होती. मार्चचा वारा कान कापत होता, पण कुणी रांग सोडत नव्हतं. पेन्सिल्व्हेनियाच्या या कोळशाच्या पट्ट्यात मयताची रांग सोडणारा माणूस कायमचा लक्षात राहतो, आणि ते चांगलं नसतं.

कॉर्मॅक रोज सकाळी वर्तमानपत्र मागून उघडायचा. आधी मयताचं पान, मग जगाच्या बातम्या. "लग्नाला कोण आलं होतं ते लोक विसरतात, मयताला कोण आलं होतं ते नाही विसरत," असं तो म्हणायचा. या एका वाक्यावर त्याने चाळीसहून जास्त वर्षं वॉशिंग्टनची खासदारकीची खुर्ची सांभाळली होती. त्याच्या आधी ती त्याच्या आईकडे होती आणि तिच्या आधी त्याच्या बापाकडे, खाणीतून वर आलेल्या ह्यू डेवलिनकडे. जिल्ह्यातल्या चाळिशीच्या माणसाने डेवलिन सोडून दुसऱ्या कुणाला मत दिलेलंच नव्हतं, आणि आपण ते सवयीने देतो की मनाने, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

आत शवपेटी उघडी होती. पेटीजवळ खुर्चीत कॉर्मॅकची बायको बर्निस बसली होती, तिच्याशेजारी मुलगा डेक्लन उभा होता, आणि डेक्लनच्या अर्धं पाऊल मागे, त्याच्या डाव्या खांद्याशी, मुलगी ब्रिजिड.

"लंगडतोय तो फ्रँक यूरिक," ब्रिजिड ओठ न हलवता म्हणाली. "गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. बायको गेली गेल्या वर्षी."

"फ्रँक!" डेक्लनने म्हाताऱ्याचा हात दोन्ही हातांत घेतला. "गुडघा काय म्हणतोय? घरी एकट्याला फार जड जातं ना?"

फ्रँकचे डोळे भरून आले. "अगदी बापासारखा आहेस रे पोरा. त्यालाही सगळं लक्षात असायचं."

ब्रिजिडने पुढच्या माणसाकडे पाहिलं आणि पुढचं नाव सांगितलं.

डेक्लन वाईट माणूस नव्हता. वॉशिंग्टनमध्ये दुसऱ्यांसाठी कायद्याची कलमं मऊ करून देणाऱ्या एका कंपनीत त्याने उमेदीची सगळी वर्षं काढली होती, आणि जिल्ह्यातला त्याचा पत्ता म्हणजे आईच्या गॅरेजवरची एक खोली, जिच्यात नाताळची सजावट ठेवत. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असाच असतो. त्याला कुणी फणा काढायलाही शिकवावं लागत नाही. ब्रिजिड मात्र इथेच राहिली. लग्न केलं, मोडलं, आणि बापाच्या जिल्हा कार्यालयात बसून कुणाच्या फुफ्फुसात कोळसा बसलाय, कुणाची पेन्शन कुठल्या टेबलावर अडकलीय, कुणाचा पोरगा सैन्यातून परत आल्यावर झोपत नाही, हे सगळं तोंडपाठ करत म्हातारपणाकडे निघाली.

शेवटची दोन वर्षं तर तिने याहून मोठं ओझं वाहिलं. बापाची आठवण विरत चालली, तशी ती त्याची आठवण झाली. आधी मयताच्या रांगेत नावं सांगू लागली. मग त्याच्याबरोबर वॉशिंग्टनला जाऊ लागली. सभागृहाच्या दाराशी त्याच्या तळहातावर पेनाने ठिपका काढायची. हिरवा असेल तर बाजूने मताचं हिरवं बटण, लाल असेल तर विरोधाचं लाल. "काय ठरलंय डॅडींचं?" असं कार्यालयातली माणसं फोनवर विचारत. "डॅडी म्हणतात, बाजूने," असं ती सांगे. डॅडी काहीच म्हणत नसत. ते खिडकीतून पाहत बसत आणि मधूनच तिला आपल्या आईच्या नावाने हाक मारत.

हे सारं लपवायचं ठरवलं होतं बर्निसने, न्याहारीच्या टेबलावर, टोस्टला लोणी लावता लावता. "डेक्लनच्या मुलांची शाळा संपू दे, मग तो येईल इकडे. तोवर तू सांभाळून घे." निर्णय आईचा होता, हात ब्रिजिडचे.

खांद्यावर कुणीतरी बोट टेकवलं. मार्टीकाका होता, कॉर्मॅकचा धाकटा भाऊ, पक्षाचा जिल्हाध्यक्ष. "जरा आत ये. डेक्लन, तूही. बर्निस, पाय मोकळे कर. रांग थांबेल तेवढी. तिला सवय आहे."

लाफर्टीच्या मागच्या स्वयंपाकघरात चर्चमधल्या बायकांनी पाठवलेल्या हॅम सँडविचच्या आणि बटाटा भरलेल्या पिरोगी-करंज्यांच्या थाळ्या मांडल्या होत्या. मार्टीने कागदी पेल्यांत व्हिस्की ओतली आणि दार लावून घेतलं.

"शनिवारी पक्षाची समिती बसतेय," तो म्हणाला. "पोटनिवडणुकीला लोकांना विचारायची भानगड नाही. समितीने ठरवला तो आपला उमेदवार, आणि या जिल्ह्यात आपला उमेदवार म्हणजे निवडून आलेला. तेव्हा घरचं घरातच उरकू. रीतीप्रमाणे नवऱ्यामागे बायको बसते. आमचा म्हातारा गेला तेव्हा कॉर्मॅक पंचविशीचाही नव्हता, कायद्यात बसत नव्हता. आमच्या आईने तो वयात येईपर्यंत खुर्ची ऊबदार ठेवली. विणकाम घेऊन जायची सभागृहात."

"माझ्याच्याने त्या संगमरवरी पायऱ्या चढवणार नाहीत," बर्निस म्हणाली. "आणि डेक्लन काही पाळण्यात नाही. गार खुर्चीवर बसेल तो."

डेक्लन हसला. मार्टीही हसला. ब्रिजिड भिंतीला टेकून उभी होती. आता म्हणायचं वाक्य तिने गेल्या वर्षभरात गाडी चालवताना, भांडी घासताना, बापाचे बूट चढवताना मनात म्हणून पाहिलं होतं. प्रत्यक्षात ते फार लहान आवाजात आलं.

"मी उभी राहणार आहे."

"राहाच की," मार्टी म्हणाला. "रांग अजून दोन तास तरी..."

"रांगेत नाही, काका. निवडणुकीला."

मार्टीने पेला खाली ठेवला. डेक्लनने आईकडे पाहिलं. लहानपणी खिडकीची काच फुटली की तो असाच पाहायचा.

"ब्रीडी, आजच्या दिवशी नको ना," तो बहिणीला म्हणाला.

"मग केव्हा? शनिवारी तुझं नाव पुकारल्यावर? तुला बाहेरची किती माणसं ओळखता आली रे? फ्रँक यूरिकने डॅडींच्या पहिल्या निवडणुकीत भिंती रंगवल्या होत्या. तू त्याला रस्त्यात ओलांडून गेला असतास."

"खरंय," डेक्लन म्हणाला, आणि त्याला ते खरंच वाटत होतं. "म्हणून तर तू हवीस मला. माझ्या कार्यालयाची प्रमुख हो. वॉशिंग्टनला, माझ्या शेजारच्या खोलीत. सगळं तूच बघ."

"सगळं मीच बघतेय. खुर्चीतल्या माणसासकट."

आता बर्निस बोलली. ती कधी आवाज चढवत नसे. चढवावा लागेल अशी वेळच तिने कधी येऊ दिली नव्हती. "ब्रीडी, तू पुढे उभी राहिलीस तर तुझ्यामागे कोण उभं राहणार? डेक्लन? त्याला आपल्या मुलांचे वाढदिवस आठवत नाहीत. काहींनी पुढे उभं राहायचं असतं आणि काहींनी मागे. तुझ्या वडिलांना मोठं कुणी केलं, हे मला विचार. मी कधी मागितलं काही?"

"मागायला हवं होतंस, ममा."

बर्निसच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग तिने मार्टीकडे पाहिलं, आणि ब्रिजिडला कळलं की या दोघांचं आधीच बोलणं झालंय.

"बरं, उभी राहा," मार्टी म्हणाला. "आणि समितीला काय सांगशील? की दोन वर्षं मीच खासदार होते? डॅडींच्या तळहातावर मी ठिपके काढत होते? आजारी माणसाचा हात धरून देशाचे कायदे ठरवलेस तू, पोरी. ना कुठल्या पोटनियमाने तुला तो हक्क दिला, ना एका मतदाराने. हे बाहेर आलं तर तुझी चौकशी लागेल, आणि पलीकडे पेटीत झोपलाय त्याच्या तोंडाला काळं. उद्या त्याच्यावर झेंडा पांघरायचाय."

"हे बाहेर आणणार कोण? तू?"

"मी कशाला आणीन? उमेदवार झालीस की लोक खोदतात. मी आहे म्हणून अजून कुणी कुदळ उचललेली नाही."

"हे करायला मला सांगितलं कोणी?" तिने आईकडे पाहत विचारलं.

"तुला 'नाही' म्हणता आलं असतं," बर्निस म्हणाली.

ब्रिजिडला राग आला, आणि त्या रागाच्या तळाशी लाज होती, कारण आई म्हणत होती ते खोटं नव्हतं. ती बटणं तिला आवडली होती. खाणकामगारांच्या पेन्शनचं विधेयक एका मताने तरलं, त्या संध्याकाळी बापाला झोपवून ती हॉटेलच्या खोलीत एकटीच नाचली होती.

बाहेरच्या खोलीतून जपमाळेच्या प्रार्थनेचा आवाज येऊ लागला. मार्टीने दार किलकिलं करून डोकावलं.

"स्टॅन वास्को आलाय. रांगेत दाराशी पोचलाय." तो परत वळला. "वरच्या खाणगावांतले समितीवाले त्याचं नाव घेतायत. शाळेत नागरिकशास्त्र शिकवून पोट भरलं नाही मास्तरांचं. तो उभा राहिला तर मतं फुटतात. ब्रीडी, त्याच्या पोराला पाणीपुरवठ्यात नोकरीला कुणी लावलं?"

"मी."

"नशेच्या गोळ्यांच्या नादातून सुटलेल्या पोराला दुसरं कुणी दारात उभं केलं नसतं. तेवढी आठवण दे. तुझं ऐकेल तो, तू त्याची विद्यार्थिनी."

"मी त्यांना धमकी देणार नाही."

"धमकी कोण द्यायला सांगतंय? कॉर्मॅकने आयुष्यात कुणाला धमकी दिली? विचारपूस कर."

हे मात्र खरं होतं. कॉर्मॅक डेवलिन फक्त विचारपूस करायचा. मुलगा काय म्हणतो, नोकरीत रमला का, साहेब बरा आहे ना. समोरचा माणूस घरी जाऊन रात्रभर जागा राहायचा.

बर्निस उठली. मुलीजवळ येऊन तिने तिच्या काळ्या कोटाची कॉलर नीट केली. "तुझ्या डॅडींना जमिनीत तरी नावासकट जाऊ दे," ती म्हणाली. "माझ्यासाठी नको. त्यांच्यासाठी."

ब्रिजिड गेली. तिने नंतर स्वतःला कितीही वेळा विचारलं तरी उत्तर हेच होतं, की ती गेली.

शववाहिका उभी करायच्या बाजूच्या छपराखाली तिने स्टॅन वास्कोला रांगेतून बाजूला घेतलं. म्हाताऱ्या मास्तरांनी चांगला कोट घातला होता, त्याचं एक बटण दुसऱ्या रंगाचं होतं. त्यांनी टोपी काढली.

"ब्रिजिड, वाईट झालं. माणूस होता तो. बरं झालं भेटलीस, मला तुझ्याशीच..."

आधी आपण बोलायचं, ही बापाची शिकवण. समोरच्याने एकदा आपलं म्हणणं सांगितलं की मग त्याला माघार घेताना लाज वाटते.

"अ‍ॅडम कसा आहे, सर?" तिने विचारलं.

"बरा आहे. बराच बरा. गेल्या आठवड्यात त्याने आम्हाला जेवायला नेलं, स्वतःच्या पगारातून. त्याच्या आईने अर्धं जेवण रडण्यात घालवलं."

"रमलाय ना तिथे? कामाचं काय, अजून कायम झालेला नाही तो. कायम होईपर्यंत वरच्यांची मर्जी लागते. आणि असे बदलाचे दिवस आले की पाणीपुरवठ्यात काही ना काही हलवाहलव होतेच. मी आहे तोवर लक्ष ठेवीनच. पण शनिवारनंतर कोण कुठे असेल, सांगता येत नाही. घरात सगळे एका बाजूला असले तर मलाही शब्द टाकायला सोपं जातं."

ते सुरेख झालं होतं. एकही शब्द कुणाला बोट ठेवता येईल असा नव्हता. मास्तर काही वेळ टोपीच्या कडेवरून बोट फिरवत राहिले.

"हे तुला त्यांनी सांगायला लावलं?" त्यांनी विचारलं.

"मी फक्त विचारपूस..."

"हो. कळली विचारपूस." ते रस्त्याकडे पाहू लागले. "अ‍ॅडमला नोकरी लागली तेव्हा मी चर्चमध्ये तुझ्यासाठी मेणबत्ती लावली होती. मला वाटलं, या घरात एक माणूस असा आहे, जो काही परत मागायचं म्हणून देत नाही."

"सर, तुम्ही उभे राहिलात तर पक्ष फुटेल. एवढंच माझं..."

"मी कुठे उभा राहतोय? या वयात? लोक बोलतात माझं नाव, मी बोलू दिलं, म्हणजे मार्टीचं लक्ष माझ्यावर राहील." त्यांनी तिच्याकडे पाहिलं, वर्गात पाहायचे तसं, रागाशिवाय. "शनिवारी मी तुझं नाव सुचवणार होतो. वरच्या गावांतली सगळी मतं बोलून ठेवलीयत. खालची थोडी मिळाली असती की झालं असतं. तेच सांगायला आलो होतो."

"माझं?"

"दोन वर्षं तुझ्या बापाच्या सहीची पत्रं येतायत. कॉर्मॅकला स्वल्पविराम कुठे द्यायचा ते जन्मात कळलं नाही. मी तुझे निबंध तपासलेत, बाई. पहिल्याच पत्राला ओळखलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं? डॅडींचं..."

"अर्ध्या जिल्ह्याला माहीत होतं. खाणगावात घरटी असा एक म्हातारा आहे, आम्हाला ओळखू येणार नाही? मयतात तू त्याच्या कानात नावं सांगायचीस आणि आम्ही मुद्दाम हळू चालायचो, तुला वेळ मिळावा म्हणून. गेल्या खेपेला मी मत टाकलं ते त्याच्या नावावर, पण दिलं तुला. आणि ते चूक होतं. तुला माहीत नसताना तुला मत देणं, लोकांना न विचारता तू ती बटणं दाबायला लावणं, दोन्ही चूक. म्हणून म्हटलं, एकदा सरळ होऊ दे. तू पुढे ये, जे झालं ते सांग, लोक हो म्हणोत की नाही. समितीच्या सभेत निदान एकदा फळ्यावर दोन नावं लिहिली जावीत. मी इतकी वर्षं पोरांना सांगत आलो की असं असतं. मी स्वतः एकदाही पाहिलेलं नाही."

आतली प्रार्थना संपली होती. रांग पुन्हा सरकू लागली. कुणीतरी मास्तरांना आपली जागा धरून ठेवल्याची खूण केली.

"सर," ब्रिजिड म्हणाली, "शनिवार अजून लांब आहे. मी आत्ता जे बोलले ते... मी आत जाऊन सांगते त्यांना. तुम्ही सुचवा माझं नाव. मी सगळं सांगेन लोकांना, डॅडींचंही. अ‍ॅडमला कुणी हात लावणार नाही, मी शब्द देते."

मास्तरांनी टोपी कोटाच्या खिशात घातली. त्यांना तिची दया आली होती. ते तिला दिसलं, आणि त्याहून वाईट तिने त्या दिवशी काही पाहिलं नाही.

"कुठला शब्द, ब्रिजिड? आत्ता दिलास तो की आधीचा?" ते म्हणाले. "मला पोरगा एकच आहे."

ते रांगेत जाऊन उभे राहिले. ती बाजूच्या दाराने आत आली आणि डेक्लनच्या खांद्याशी आपल्या जागेवर उभी राहिली. मास्तर पेटीपाशी गुडघे टेकून उठले, डेक्लनसमोर आले. तिने नाव सांगितलं. डेक्लनने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला, आणि स्टॅन वास्को सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शनिवारी आम्ही सगळे तुमच्याबरोबर आहोत." पलीकडे उभ्या मार्टीने मान डोलावली. मास्तर दाराबाहेर पडले, तेव्हा त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

रांगेत जरा खंड पडला, तशी बर्निस खुर्चीतून तिच्याकडे झुकली.

"झालं ना?"

"झालं."

"त्रास नाही ना दिला त्याने?"

"ते उभे राहणारच नव्हते, ममा," ब्रिजिड म्हणाली. "माझं नाव सुचवणार होते. वरच्या गावांतली मतं बोलून ठेवली होती त्यांनी. माझ्यासाठी."

बर्निसने मुलीचा गार पडलेला हात हातात घेऊन थोपटला.

"मग वेळेवर गेलीस, बाळ," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाकडे वळली.